मुलांना घेऊन किनाऱ्यावर चला
(संस्थेच्या वार्षिक पालक-मेळाव्यात दिलेले भाषण)



या व्यासपीठावरून दरवर्षी दहावीचा निकाल, शिष्यवृत्ती, इंग्रजी आणि गणित यांविषयी बोलले जाते. ते आवश्यकच आहे. मी मात्र आज पहिली ते चौथीच्या लहान मुलांविषयी आणि एका अगदी साध्या, बिनखर्ची गोष्टीविषयी बोलणार आहे.

तीन वर्षांपूर्वी तिसरीच्या वर्गात मी विचारले, "भरती दिवसातून किती वेळा येते?" सर्वांनी हात वर केले. दोन वेळा. मग विचारले, "आत्ता या घटकेला समुद्राला भरती आहे की ओहोटी?" वर्ग गप्प. समुद्र आपल्या शाळेपासून चालत दहा मिनिटांवर आहे. आणि खरे सांगायचे तर उत्तर मलाही ठाऊक नव्हते. मी बी. ए., बी. एड. झालो, पण ज्या गावात शिकवतो त्या गावचा समुद्र शिकलो नव्हतो.

मुलांना किनाऱ्यावर नेण्याचे मी ठरवले आणि घरोघरी संमतीसाठी गेलो. एका मातेने दारातच विचारले, "सर, तुम्ही न्याल, पण पोराला काही झालं तर त्याच्या अब्बांना कुवेतला फोनवर मी काय सांगू?" यावर माझ्यापाशी उत्तर नव्हते. आपल्यापैकी कित्येक घरांत कर्ता माणूस परदेशी आहे आणि मुलाची सारी जोखीम एकट्या आईच्या शिरावर आहे. त्या भीतीला अज्ञान म्हणणे हा उद्धटपणा होईल. मी एवढेच म्हणालो, "मग तुम्हीही चला." त्या दिवसापासून आमच्या फेरीचा नियम ठरला : मुलाबरोबर घरचे एक वडीलधारे माणूस हवेच. अम्मी, दादी, नाना, चाचा, कोणीही.

पहिली फेरी साफ फसली. मी फळ्यासमोर बोलतो तसा वाळूत उभा राहून पाऊण तास बोललो. मुले चुळबुळली, एक रडू लागले. तेवढ्यात त्याच माता पुढे झाल्या. ओल्या वाळूतली दोन बारीक छिद्रे त्यांनी दाखवली, बोटांनी वाळू उकरली आणि तिसरी काढून मुलांच्या हातावर ठेवली. वाळूत गाडलेली तिसरी पाणी आत घेण्यासाठी व बाहेर टाकण्यासाठी दोन नळ्या वर काढते, त्यांची ती छिद्रे. लहानपणी आपल्या आईबरोबर त्या तिसऱ्या काढायला जात. मुलाला हे त्यांनी कधी सांगितले नव्हते, कारण हे 'शिक्षण' आहे असे त्यांना कोणी सांगितले नव्हते! तेव्हापासून मी कमी बोलतो.

आता वेळेविषयी. वेळापत्रक आपल्या घरातच आहे. रमजानचा आणि ईदचा चांद आपण डोळ्यांनी पाहतो. तोच चांद समुद्र हलवतो. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असते. पाणी खूप चढते आणि तितकेच खाली उतरते. अष्टमीच्या सुमारास भांग असतो, तेव्हा चढ-उतार थोडा. भरतीची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. आपल्या किनाऱ्यावर उधाणाची भरती दुपारी बारा-एकच्या सुमारास येते, म्हणून ओहोटी सकाळी सहा-सातला मिळते. लहान मुलांना यापेक्षा चांगली वेळ कोणती? हा हिशेब मला एका विद्यार्थ्याच्या नानांनी, ज्यांचे आयुष्य होडीवर गेले, बोटांच्या पेरांवर करून दाखवला.

ओहोटीला पाहायचे काय? खडकांच्या डबक्यांत शंख चालताना दिसतो. आत गोगलगाय नसते, उसने घर घेतलेला खेकडा असतो. वाढला की मोठा शंख शोधून घर बदलतो. वाळूवर बिळाभोवती रांगोळीसारख्या बारीक गोळ्या दिसतात. चिमुकला खेकडा वाळूतले अन्न खाऊन उरलेल्या वाळूची गोळी करून टाकतो. खाडीच्या चिखलात निवट्या उड्या मारतात. मासा असून पाण्याबाहेर कसा जगतो? कातडी ओली ठेवून आणि कल्ल्यांपाशी पाणी धरून. तिवराच्या झाडाभोवती पेन्सिलीसारखी टोके वर आलेली असतात. ती मुळेच आहेत, चिखलात हवा मिळत नाही म्हणून वर आलेली. एका पहिलीतल्या मुलीने एका झाडाभोवतीची अशी टोके मोजायला घेतली. शंभरच्या पुढे तिला येत नव्हते, म्हणून तिने पुन्हा एकपासून सुरुवात केली. गणिताचा याहून बरा तास मी घेतलेला नाही.

पावसाळ्यात समुद्र बंद. तेव्हा विहिरीवर लोंबणारी सुगरणीची घरटी पाहावीत. नाव बाईचे, पण विणतो नर. तो अर्धे घरटे बांधतो, मादी येऊन तपासते, पसंत पडले तरच पुढचे काम होते. मग हे महाशय दुसरे घरटे बांधायला घेतात, दुसऱ्या मादीसाठी! हे नीट पाहून लिहिले डॉ. सालीम अली यांनी, आपल्याच रायगड जिल्ह्यातील किहीम येथे. 1930 साली ते जर्मनीहून शिकून परतले, हाती नोकरी नव्हती. किहीमच्या मुक्कामात ते सुगरणीच्या वसाहतीसमोर बसून राहिले. त्यांचा जन्म 12 नोव्हेंबर 1896 चा. आईबाप लहानपणीच गेलेले. मामा अमीरुद्दीन तैयबजी यांनी त्यांना वाढवले. छर्‍याच्या बंदुकीने पाडलेली, गळ्यावर पिवळा ठिपका असलेली एक चिमणी घेऊन मुलगा मामांकडे आला. मामांना पक्षी ओळखता आला नाही. त्यांनी पोराला हाकलून दिले नाही, चिठ्ठी देऊन बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत पाठवले. पुढे 1976 साली पद्मविभूषण मिळाले ते त्याच मुलाला. पालकहो, मला त्या गोष्टीत मामांचेच काम मोठे वाटते.

हरकती येतात. "अभ्यास बुडतो." महिन्यातून एक रविवार, दीड तास, कोणता अभ्यास बुडतो ते दाखवावे. "मुलींना कशाला?" घरची माणसे बरोबर असताना हा प्रश्न उरू नये. मोजणारी ती मुलगीच होती. "कपडे खराब होतात." होतात. यावर माझा उपाय नाही.

काळजी मात्र घ्यावीच लागते. पाणी वळले की गप्पा न मारता परतायचे. शेवाळलेल्या खडकावर धावायचे नाही. बिळात हात घालायचा नाही. जेलीफिश मेलेला दिसला तरी शिवायचा नाही. दगड उलटला तर पुन्हा तसाच ठेवायचा, आणि जिवंत शंख घरी आणायचा नाही. हा शेवटचा नियम मुले पाळतात, मोठ्यांनाच आठवण द्यावी लागते.

जमल्यास मुलांना एकदा मंडणगड तालुक्यातील वेळासला न्यावे. 2002 पासून सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने ग्रामस्थांना बरोबर घेऊन तेथे ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी सांभाळायला सुरुवात केली. पूर्वी ही अंडी लोक उकरून नेत. एका घरट्यात सुमारे शंभर अंडी असतात आणि पन्नासएक दिवसांनी पिल्ले निघतात. तळहातावर मावणारे पिल्लू पाण्याकडे सरकते तेव्हा मुले आपोआप गप्प होतात. शिक्षक म्हणून मला त्याचे फार अप्रूप वाटले.

पुढची फेरी ईदच्या दुसऱ्या दिवशी आहे. उधाणाची ओहोटी सातच्या सुमारास असेल, म्हणून साडेसहाला शाळेच्या फाटकापाशी जमावे. पिण्याचे पाणी, टोपी आणि कोरड्या कपड्यांचा एक जोड आणावा. ईदचे नवे कपडे कृपया घालून येऊ नये.