संग्रहातले मोजके चाकू

कोल्हापूरच्या न्यू पॅलेसमध्ये छत्रपती घराण्याच्या तलवारी आणि कट्यारी काचेआड जपलेल्या आहेत. घरच्या कपाटातल्या वीस-पंचवीस घडीच्या चाकूंना असा राजवाडा कुठला? इथला पावसाळा म्हणजे महिनोन्महिने दमट हवा. कार्बन पोलादाचं पातं ओलं राहिलं तर रात्रीत तांबूस डाग धरतं.

म्हणून हौशी संग्राहकाने निवड करावीच.

पुण्यात दिनकर केळकरांनी आयुष्यभर सुमारे २०,००० वस्तू जमवल्या. संग्रहालयात त्यांतल्या मोजक्याच मांडलेल्या दिसतात, तरी अडकित्त्यांपाशी माणूस थबकतोच.

चाकूंपैकी फ्रान्सचा ओपिनेल ठेवण्याजोगा. १८९० पासूनची त्याची लाकडी मूठ हाताला गोड लागते, आणि १९५५ पासून आलेल्या फिरत्या कड्यामुळे उघडलेलं पातं बोटांवर मिटत नाही. दुसरा स्वित्झर्लंडचा व्हिक्टोरिनॉक्स. त्याचं पोलाद सहसा गंजत नाही, त्यामुळे पावसात तोच खिशात असावा. तिसरा मात्र आजोबांचा. त्याला किंमत लावूच नये.

बाकीचे जाणत्या मित्रांना द्या. ठेवलेल्यांची पाती पुसून, कोरडी करून, बिजागरीत तेलाचा एक थेंब सोडा, आणि चाकू मुलांच्या हाती लागणार नाहीत असे ठेवा.