यंत्र, आवड आणि कामकऱ्यांचे महाविद्यालय



आजचा विषय कामकरी स्त्रीपुरुषांच्या महाविद्यालयीन शिक्षणाचा आहे. त्या शिक्षणात यंत्राचा उपयोग कितपत, आणि शिकणाऱ्याच्या व शिकविणाऱ्याच्या आवडीस स्थान कोणते, एवढ्या दोनच प्रश्नांचा विचार करावयाचा आहे. आम्ही स्वतः कोणत्याही महाविद्यालयाची पायरी विद्यार्थी म्हणून चढलेलो नाही. वऱ्हाडातील गिरणी-जिनिंगचे कामगार आणि मेळघाटातील जंगलमजूर यांच्या संघटनेत आमची तीस वर्षे गेली. वाचन झाले ते एस. टी.च्या प्रवासात आणि रात्री युनियनच्या कचेरीत. तेव्हा शिक्षणशास्त्राची परिभाषा आमच्याकडून कोणी अपेक्षू नये. दिवसभर खपून आलेला मनुष्य कशाने शिकतो आणि कशाने कंटाळून उठून जातो, हे मात्र आम्ही जवळून पाहिले आहे, आणि तेवढेच सांगणार आहोत.

प्रौढांनी एकत्र बसून शिकावे, ही कल्पना आजची नव्हे. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यास वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तीही एक प्रकारची प्रौढांची शाळाच होती. डेन्मार्कमध्ये शेतकऱ्यांच्या तरुण मुलांसाठी पहिले लोकविद्यालय १८४४ साली निघाले. अमेरिकेत ज्यास कम्युनिटी कॉलेज म्हणतात, त्या प्रकारचे पहिले कॉलेज १९०१ साली इलिनॉय राज्यात जोलिएट येथे उघडले. तशा कॉलेजांतून पुढे कामावर जाणारी माणसेही दोन वर्षांचे शिक्षण घेऊ लागली. आपल्याकडे १९५६ साली केंद्र सरकारने ग्रामीण उच्च शिक्षणाची योजना काढली, तेव्हा निवडलेल्या मोजक्या संस्थांत डॉ. पंजाबराव देशमुखांचे अमरावतीचे शिवाजी लोकविद्यापीठ होते, आणि गारगोटीचे मौनी विद्यापीठही होते. पुढे १९८९ साली नाशिकास यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ निघाले. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे त्याचे ब्रीद. ज्याला नोकरी सोडता येत नाही त्याच्या दाराशी विद्या नेण्याचा तो मार्ग होय, आणि आमच्या संघटनेतील कित्येकांनी तो धरला आहे.

आता यंत्राकडे वळू. १९५६ सालीच फेब्रुवारी ते एप्रिल या काळात आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने एक प्रयोग केला. पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर अशा पाच जिल्ह्यांतील सुमारे दीडशे गावांत श्रोतृमंडळे स्थापन झाली. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम, असे एकंदर वीस कार्यक्रम झाले. मंडळींनी चावडीत जमावे, ऐकावे, लगेच त्यावर बोलावे, आणि जे शंकेचे वाटेल ते पुणे केंद्राला कळवावे, अशी रीत होती. पॉल न्यूराथ नावाच्या समाजशास्त्रज्ञाने टाटा समाजविज्ञान संस्थेमार्फत या प्रयोगाची पाहणी केली. जेथे मंडळ होते त्या गावांत लोकांचे ज्ञान चांगलेच वाढले. जेथे रेडिओ होता पण मंडळ नव्हते, तेथे मात्र वाढ फारच थोडी दिसली.

या निष्कर्षावर आपण क्षणभर थांबावे. पेटी दोन्हीकडे होती आणि आवाजही तोच होता. फरक पडला तो भोवती बसलेल्या माणसांमुळे, त्यांच्या वादामुळे, आणि आपल्या शंकेला उत्तर मिळेल या भरवशामुळे. आज रेडिओच्या जागी प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आहे. पेटी लहान झाली आणि तिची शक्ती वाढली. मनुष्याच्या शिकण्याची रीत काही त्यामुळे बदललेली नाही.

एक हिशेबाचे उदाहरण घेऊ. सूतगिरणीतून दहा वर्षांच्या नोकरीनंतर एक कामगार बाहेर पडला. शेवटचा पगार महिना १३,००० रुपये. १९७२ च्या कायद्याने ठरलेल्या रीतीप्रमाणे ग्रॅच्युइटी म्हणून दर वर्षाला पंधरा दिवसांचा पगार मिळतो. त्याच्या मुलाने मोबाइलवर हिशेब केला : १३,००० ला तिसाने भागले, पंधराने गुणले, दहा वर्षांचे ६५,००० रुपये झाले. यंत्राने तिळमात्र चूक केली नाही. परंतु कायद्यात महिना सव्वीस दिवसांचा धरतात, कारण साप्ताहिक सुट्या वगळावयाच्या असतात. सव्वीसने भागले म्हणजे रोज ५०० रुपये पडतो, पंधरा दिवसांचे ७,५०० आणि दहा वर्षांचे ७५,००० होतात. गरिबाच्या घरात दहा हजारांचा फरक हा लहान फरक नव्हे. भागाकार यंत्र करील; कशाने भागावयाचे, हे मनुष्यालाच ठाऊक पाहिजे.

हे उदाहरण आमच्या रविवारच्या वर्गात फळ्यावर मांडले, तेव्हा शाळेत गणिताला कायम भ्यालेली माणसे रात्री दहापर्यंत हलली नाहीत. दुसऱ्या रविवारी ती आपापल्या प्रॉव्हिडंट फंडाचे पासबुक मोबाइलवर उघडूनच आली, आणि त्यातून टक्केवारी शिकली. आवड म्हणजे काय, याचे उत्तर येथे मिळते. ज्या गोष्टीत मनुष्याचा जीव गुंतलेला असतो, ती त्याची आवड. ती कधी पोटाशी निगडित असते, कधी निव्वळ आनंदाशी.

आनंदाशी निगडित आवडीचेही या डोंगरातले उदाहरण आहे. रानपिंगळा नावाचे एक लहान घुबड आहे. शास्त्रज्ञांनी त्याचे वर्णन १८७३ साली केले. १८८४ नंतर ते कोणास खात्रीने दिसले नाही, आणि नामशेष झाले असावे असे पुष्कळांनी मानले. १९९७ साली ते शहाद्याजवळ पुन्हा सापडले आणि पुढे आपल्या मेळघाटातही आढळले. आमच्या वर्गात एक कोरकू वनमजूर येत असे. मराठी निबंध म्हटला की तो पेन खाली ठेवी. पण पाखरांचा विषय निघाला की त्याला थांबविणे कठीण जाई. शिकविणाऱ्या बाईंना स्वतःला पक्ष्यांचा नाद. त्यांनी त्याला सांगितले, “दादा, तुम्हाला जे सांगायचे ते तुमच्या बोलीत मोबाइलमध्ये बोला, मग ऐकत ऐकत मराठीत उतरवा.” कोरकू ही मुंडा कुळातील भाषा, मराठीहून तिची ठेवण अगदी निराळी. तरी त्या गृहस्थाने पहिल्यांदाच चार पाने लिहिली. नंतर त्याने मारुती चितमपल्लींची पुस्तके वाचावयास घेतली, आणि पक्ष्यांची इंग्रजी नावे समजावीत म्हणून इंग्रजीही हाती धरली. चितमपल्ली तरी कोण? वनखात्यात नोकरी करता करता स्वतःच्या आवडीने पशुपक्ष्यांचा अभ्यास केलेले अधिकारी. मेळघाटातही त्यांची नोकरी झाली. त्यांच्या आवडीने मराठी भाषेला शब्द दिले.

तेव्हा शिक्षकाने आपली आवड घरी ठेवून वर्गात येऊ नये, असे आमचे म्हणणे आहे. ज्याला बागेचा नाद आहे त्याने वनस्पतिशास्त्र बागेतून शिकवावे. ज्याला भजनाचा नाद आहे त्याने भाषा भजनातून शिकवावी. मात्र आपली आवड विद्यार्थ्यांवर लादू नये. त्यांच्या आवडीचे दार उघडण्यापुरताच तिचा उपयोग करावा.

आता ज्याची आम्हांस काळजी वाटते ते सांगतो. २०१६ साली धारणी तालुक्यातील हरिसाल हे गाव ‘डिजिटल गाव’ म्हणून पुढे आणले गेले. इंटरनेट, दुरून वैद्यकीय सल्ला, शाळेत संगणक, अशी ती योजना. अशा योजनांचे आम्ही स्वागत करतो. डोंगरातल्या मुलांनी यंत्राला का मुकावे? परंतु पडदा बसविला म्हणून शिक्षकाची जागा रिकामी ठेवा, असे उद्या कोणी म्हणू लागला, तर ते आपण ऐकून घेता कामा नये. शहरातल्या मुलाला पडद्याखेरीज आईबाप, शिकवणी, ग्रंथालय असे दहा आधार असतात. येथील मजुराच्या मुलीला शिक्षक हा एकच आधार. तो काढून घेतला, तर रेडिओ आहे पण मंडळ नाही, अशीच त्या गावाची गत होईल. आणि कागदावर मात्र शिक्षण पोचल्याची नोंद राहील.

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. कामकऱ्यांचे वर्ग त्यांच्या कामाच्या वेळा आणि हंगाम पाहून भरावेत. जेथे रेंज नाही तेथे धडे आधी उतरवून आणावेत, आणि प्रत्येक धड्यानंतर तितकाच वेळ चर्चेला द्यावा. शिकणाऱ्याने आपल्या धंद्यावर किंवा छंदावर केलेले काम परीक्षेत धरले जावे. आणि प्रत्येक वर्गाला नेमलेला, पुरता पगार मिळणारा शिक्षक असावा.

सरकारकडे मागावयाचे ते मागूच. पण आपणही काही देऊ शकतो. या गावात कॉफीची लागवड जाणणारे आहेत, गाविलगडाचा इतिहास जाणणारे आहेत, यंत्रे दुरुस्त करणारे आहेत, निवृत्त मास्तर आहेत. आठवड्यातली एक संध्याकाळ आणि घरातली एक ओसरी, एवढे ज्याने दिले त्याने या महाविद्यालयाची एक भिंत उभारली, असे आम्ही समजू. ज्यांची तयारी असेल त्यांनी सभा संपल्यावर चालकांकडे नाव नोंदवावे. पहिला वर्ग येत्या रविवारीच भरविता येईल.