गारगोटीच्या पोटातले पाणी



ज्यांच्या स्मरणार्थ आपण येथे जमलो आहोत, ते गुरुजी विज्ञान शिकवीत. मी आयुष्यभर मराठी शिकविले. तेव्हा मी ज्ञानेश्वरांवर किंवा संतवाङ्मयावर बोलेन, अशी आपली अपेक्षा असणे स्वाभाविक आहे. परंतु आज मी एका दगडाविषयी बोलणार आहे. त्याला एक कारण आहे आणि ते शेवटी सांगेन.

१९६४ साली आम्ही नववीत होतो. एके दिवशी गुरुजींनी टेबलावर मुठीएवढी दुधी गारगोटी ठेवली. रायचूर जिल्ह्यातील हट्टीच्या सोन्याच्या खाणीजवळून ती त्यांनी आणली होती. १९५६ पर्यंत तो जिल्हा आपल्या हैदराबाद राज्यातच होता. सोने दिसते का म्हणून आम्ही माना उंचावल्या. गुरुजी म्हणाले, “सोने शोधू नका. हिच्या पोटात पाणी आहे, ते सोन्यापेक्षा अधिक सांगते.” आम्ही हसलो. पण ते अक्षरशः खरे होते.

खनिजाचा स्फटिक वाढत असताना सभोवतालच्या द्रायूचे सूक्ष्म थेंब त्यात अडकतात. ‘द्रायू’ हा शब्द द्रव आणि वायू या दोहोंना जोडून आपल्या परिभाषाकारांनी घडविला. त्याची थट्टा झालेली मी ऐकली आहे. परंतु ३७४ अंश सेल्सिअसच्या वर पुरेशा दाबाखाली पाणी धड द्रवही राहत नाही आणि धड वायूही नाही. त्या अवस्थेला याहून नेमके नाव मला सुचलेले नाही. हे अडकलेले थेंब, म्हणजेच द्रायू-समावेश, बहुधा मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढे किंवा त्याहूनही लहान असतात. गारगोटीचा दुधी रंग बव्हंशी अशा असंख्य थेंबांमुळेच येतो.

यांचा अर्थ लावण्याची दिशा इंग्लंडमधील हेन्री क्लिफ्टन सॉर्बी यांनी १८५८ साली दाखविली. डोंगर काय सूक्ष्मदर्शकाने पाहायचे असतात, अशी त्यांची थट्टा झाली. त्यांचा विचार मात्र सरळ होता. थेंब अडकला तेव्हा कप्पा गरम द्रायूने पूर्ण भरलेला होता. खडक थंड झाला, द्रव आकसला आणि मोकळ्या जागेत बुडबुडा उमटला. आता तो स्फटिक पुन्हा तापवावा. ज्या तापमानाला बुडबुडा नाहीसा होतो, निदान तेवढ्या तापमानात तो स्फटिक वाढला असला पाहिजे. ‘निदान’ हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. बाहेरचा दाब अधिक असेल, तर प्रत्यक्ष तापमान त्याहून वरचे असते. थंड करूनही माहिती मिळते. थेंबात केवळ खारे पाणी असेल, तर त्याचा बर्फ जितक्या खालच्या तापमानाला वितळेल तितके मीठ अधिक. साध्या मिठाच्या द्रावणात ही मर्यादा उणे २१.२ अंशांपर्यंत जाते.

काही वर्षांपूर्वी भूविज्ञान शिकविणाऱ्या माझ्या एका स्नेह्याने या गारगोटीच्या कोपऱ्याची पातळ चकती करून मला सूक्ष्मदर्शकाखाली दाखविली. पाण्याच्या थेंबात एक गोल आणि त्या गोलात थरथरणारा आणखी एक बुडबुडा होता. बाहेरचा गोल द्रवरूप कार्बन डायऑक्साइडचा, आतला त्याच्याच वायूचा. ३१.१ अंशांच्या वर हा भेद उरतच नाही, म्हणून आपल्या हैदराबादच्या भर उन्हाळ्यात पंख्याखाली बसून तो दिसणार नाही. त्या दिवशी डिसेंबर होता. दिव्याच्या उष्णतेने चकती जरा तापली आणि आतला बुडबुडा माझ्या डोळ्यांदेखत विरून गेला. थोड्या वेळाने तो परत आला.

येथवर ही कथा फार सुंदर आहे. निसर्गाने कुपी बंद करून ठेवली, आपण ती वाचायची. पण माझ्या स्नेह्याने मला तेथेच थांबविले. हे सारे तीन अटींवर उभे आहे, असे त्याने सांगितले. अडकताना द्रायू एकजिनसी असला पाहिजे, कप्प्याचे आकारमान नंतर बदललेले नसले पाहिजे आणि आत-बाहेर काही झिरपलेले नसले पाहिजे. आणि खडकाचे आयुष्य असे निवांत नसते.

कप्पा द्रवाने भरला की पुढच्या प्रत्येक अंशाला आतला दाब १० ते १५ वातावरणांनीही वाढू शकतो. खडक गरम असतानाच वेगाने वर उचलला गेला, तर बाहेरचा दाब उतरतो, आतला मात्र तसाच राहतो. मग भिंती ताणल्या जातात किंवा कप्पा फुटतो आणि त्याच्याभोवती बारीक थेंबांचे कडे उरते. उलट, खडक खोल दाबला गेला तर बाहेरचा दाब कप्प्याला आत चेपतो. एखादा लांबट कप्पा मध्ये आवळत जाऊन त्याचे दोन होतात. बुडबुडा एकात जातो, दुसरा भरलेला राहतो, आणि दोघेही वेगवेगळी खोटी तापमाने सांगू लागतात. १९८९ साली स्टर्नर आणि बॉडनार यांनी प्रयोगशाळेत मुद्दाम तयार केलेल्या समावेशांवर असे दाब-तापमानाचे फेरे घालून हे बदल पडताळून पाहिले.

सर्वांवर सारखाच परिणाम होत नाही. मोठे कप्पे आधी फुटतात, लहान तग धरतात. फ्ल्युओराइट, कॅल्साइट ही मऊ खनिजे लवकर ताणली जातात, क्वार्ट्झ अधिक सोसते. हिरा तर विलक्षणच. २०१८ साली काही हिऱ्यांत ‘बर्फ-सात’ या नावाचा, प्रचंड दाबाखालीच टिकणारा बर्फ सापडल्याचे प्रसिद्ध झाले. पृथ्वीच्या पोटातला दाब हिऱ्याने वर येईपर्यंत सोडलाच नव्हता. गोवळकोंड्याच्या सावलीत राहणाऱ्या आपल्याला याचे कौतुक वाटावे.

मग विश्वास कशावर ठेवायचा? भूवैज्ञानिकाचे उत्तर असे, की एकट्या थेंबावर नाही. एकाच वेळी अडकलेल्या थेंबांचा समूह शोधायचा आणि प्रत्येकाला स्वतंत्रपणे विचारायचे. सगळ्यांची साक्ष जुळली तर ती मानायची. विखुरली तर नंतर काही घडले आहे, असे समजायचे. आणि जे घडले तेही इतिहासच असते.

आता कारण सांगतो. शाळेच्या एका स्मरणिकेत मी लिहिले होते, की निबंधाच्या बक्षिसादाखल गुरुजींनी ही गारगोटी मला दिली. हे मी अनेक सभांतूनही सांगितले आणि प्रत्येक वेळी प्रसंग थोडा अधिक रंगला. स्मरणिका वाचून एका वर्गमित्राचे चार ओळींचे पत्र आले. “दगड गुरुजींनी मला दिला होता. तू आठ दिवसांसाठी नेलास. राग नाही, पण खरे ते लिहावे.” मला संताप आला. गारगोटी ज्या खडूच्या लाकडी पेटीत आहे ती मी काढली आणि प्रथमच उलटी केली. तळाशी माझ्याच त्या वेळच्या अक्षरांत होते: ‘हजेरी क्र. १७, परत करणे.’ माझा क्रमांक ३१ होता.

मी खोटे बोललो नव्हतो. साठ वर्षांत माझ्या आठवणीच्या भिंती ताणल्या गेल्या होत्या आणि मला ते कळले नव्हते. मी उत्तर लिहून क्षमा मागितली. दगड परत पाठवतो म्हणालो, तर मित्राने कळविले, “आता तो शाळेत ठेव.”

म्हणून माझी एक विनंती आहे. गुरुजींवरील जे पुस्तक संस्था काढू पाहते आहे, ते माझ्यासारख्या एखाद्या बोलक्या माणसाच्या आठवणीवर उभे करू नये. येथील प्रत्येकाने एकमेकांना न विचारता आपापले पानभर लिहून द्यावे. ज्यांनी आजवर काहीच सांगितले नाही, त्यांच्याकडून आधी घ्यावे. लहान कप्पे अधिक काळ टिकतात.

पेटी मी मुख्याध्यापकांच्या स्वाधीन करीत आहे. तळाचा मजकूर पुसू नये.