जुना चार्जर उलटा करून बघा

बुलढाणा जिल्ह्यातल्या धाडसारख्या गावात लॅपटॉपचा चार्जर बंद पडला, की घरात वाद सुरू होतो: बुलढाण्याला जाऊन आणायचा की ऑनलाइन मागवायचा? काहीही ठरवा, पण आधी जुना चार्जर उलटा करून बघा. दुकानात "एचपीचा द्या" एवढंच सांगून भागत नाही. एचपीचे तरी काय एकाच जातीचे असतात?

चार्जरवरच्या बारीक अक्षरांत 'इनपुट १०० ते २४० व्होल्ट' असतं. रब्बीत शिवारातल्या मोटारी सुरू झाल्या की घरातले दिवे मंदावतात, तरी चार्जर चालतो तो यामुळेच. त्याला खरा धोका न्यूट्रलची तार तुटण्याचा. तेव्हा घरात ४०० व्होल्टपर्यंत दाब चढू शकतो. वारावादळ सुटलं की प्लग काढलेला बरा.

आपल्या कामाची ओळ 'आउटपुट'ची. समजा, तिथे १९.५ व्होल्ट आणि ३.३४ अँपिअर आहे. गुणाकार केला की झाले ६५ वॅट. व्होल्ट जुळलेच पाहिजेत. अँपिअर मात्र जास्त असले तर बिघडत नाही. जास्त अँपिअरने बॅटरी जळते ही निव्वळ भीती. लॅपटॉप लागेल तेवढाच करंट ओढतो. कमी अँपिअरचा घेतलात, तर चार्जर तापत राहील.

पिनेचं प्रकरण जरा नाजूक. डेलच्या गोल पिनेत मधोमध एक बारीक सुई दिसते. तिच्यातून चार्जर आपली ओळख लॅपटॉपला सांगतो. स्वस्तातल्या नकली चार्जरमध्ये ही ओळख नसली, तर लॅपटॉप चालू होतो, पण बॅटरी भरत नाही. मग लोक बॅटरीला दोष देतात आणि नवी बॅटरी घेऊन बसतात! म्हणून दुकानात लॅपटॉपच न्या आणि चार्जिंगचा आकडा चढताना डोळ्यांनी बघा.

बऱ्याच नव्या लॅपटॉपला टाइप-सी पोर्ट असतं. युरोपात तर २८ एप्रिल २०२६पासून लॅपटॉपसाठी ते सक्तीचं ठरवलंय. पण भोक तेच म्हणून मोबाइलचा २० वॅटचा चार्जर लॅपटॉपला पुरणार नाही. आणि १०० वॅट हवे असतील, तर केबलही ५ अँपिअरची लागते.

शेवटी चार्जरवर भारतीय मानक ब्यूरोचं चिन्ह आणि 'आर'ने सुरू होणारा नंबर शोधा. 'बीआयएस केअर' ॲपमध्ये तो टाकला की कंपनीचं आणि वस्तूचं नाव येतं. भलतंच नाव आलं, तर दुकानदार कितीही ओळखीचा असो, चार्जर तिथेच ठेवा.