भुताच्या घराबाहेरची रांग: हॅलोविनचं तिकीट नेमकं कशाचं?

ऑक्टोबर आला की रील्समध्ये चेनसॉ घेऊन पब्लिकच्या मागे धावणारी भुतं दिसायला लागतात. अमेरिकेतल्या थीम पार्कांच्या हॅलोविन रात्री. आज बोलूया तिथल्या गर्दीबद्दल आणि तिकिटाबद्दल. कारण खरी भीती तिथेच आहे!

थोडा इतिहास. १९७३ साली कॅलिफोर्नियाच्या नॉट्स बेरी फार्मने तीन रात्री पार्क भुताटकीचं केलं आणि लोकांनी गर्दी केली. १९९१मध्ये फ्लोरिडात युनिव्हर्सलनेही तेच केलं. तीन रात्री, एक भुताचं घर, तिकीट १२.९५ डॉलर. महागाई धरली तरी ते आजचे साधारण ३० डॉलर होतात. आज तोच कार्यक्रम, हॅलोविन हॉरर नाइट्स, ऑगस्टच्या अखेरीपासून नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत चालतो. घरं दहा. आणि २०२४मध्ये एका रात्रीचं साधं तिकीट, सगळ्यात स्वस्त तारखेचंसुद्धा, ८० डॉलरच्या वर होतं.

तारीख बदलली की भाव बदलतो, विमानासारखा. यामागचा युक्तिवाद असा की महाग दिवस लोक टाळतील आणि गर्दी विभागली जाईल. अर्धं खरं आहे. ज्याला सवड आहे तो सप्टेंबरच्या बुधवारी जातो. पण ज्याला शनिवारशिवाय सुट्टी नाही, तो काय करणार? तो जास्त पैसे भरतो आणि त्याच गर्दीत उभा राहतो. कारण गर्दी शेवटी किती तिकिटं विकली यावर ठरते. आणि तो आकडा पार्क सांगत नाहीत.

आता गणित करू. संध्याकाळी साडेसहा ते रात्री दोन, म्हणजे साडेसात तास. समजा प्रत्येक घराला ७५ मिनिटांची रांग आहे. दहा घरांचे झाले साडेबारा तास. म्हणजे तिकीट दहा घरांचं आणि पाहून होतात जेमतेम सहा.

बरं, आत गेल्यावर तरी? भुताचं काम टायमिंगवर चालतं. पडद्यामागे लपायचं, झडप घालायची, परत लपायचं. त्याला मध्ये काही सेकंद लागतात. पण गर्दीच्या रात्री रांग आतही तुटत नाही, आगगाडीसारखी सरकत राहते. पुढचा किंचाळतो तेव्हा मागच्याला भूत आधीच दिसलेलं असतं. म्हणजे बघा, गर्दीने नुसता वेळ जात नाही, भीतीच मरते. जी विकत घेतली, तीच!

यावर उपाय आहे म्हणतात: एक्स्प्रेस पास. वेगळा घ्यायचा आणि बऱ्याचदा तो तिकिटापेक्षाही महाग. देवळातल्या व्हीआयपी दर्शनासारखंच. गाभाऱ्याचं दार एकच असतं. तिकडून दहा जण आत सोडले की साध्या रांगेतले दहा जण थांबतात. पासने गर्दी कमी होत नाही, थांबायची पाळी दुसऱ्यावर जाते. आणि रांग जितकी लांब, तितका पास घ्यावासा वाटतो. मग रांग कमी करायची घाई कोणाला असेल?

दुसरी बाजूही पाहू. डिस्नी वर्ल्डची ‘मिकीज नॉट-सो-स्केरी’ पार्टी १९९५मध्ये एका रात्रीपासून सुरू झाली. तिथे तिकिटं मर्यादित असतात, संपली की संपली. २०२३मध्ये भाव तारखेनुसार १०९ ते १९९ डॉलर होता, तरी सगळ्या रात्री हाऊसफुल झाल्या. तिथे पैसे मोकळ्या जागेचे मोजायचे. महाग आहेच, चार जणांच्या घराला तर फारच. पण निदान मर्यादा सगळ्यांना सारखी.

माझं म्हणणं एवढंच: भाव चढा असण्यापेक्षा, वाढीव भावाच्या बदल्यात काय मिळणार हे न सांगणं जास्त खटकतं. शनिवारचे जास्त घेता ना? मग शनिवारी माणसं कमी सोडा.

अमेरिकेत शिकणाऱ्या, नोकरी करणाऱ्या आपल्या श्रोत्यांनो, जायचंच असेल तर सप्टेंबरचा पहिला-दुसरा आठवडा आणि शनिवार सोडून कुठलाही दिवस बघा. गेट उघडायच्या आधी पोचा. सगळी घरं झालीच पाहिजेत हा हट्ट सोडा, आवडती चार आधी ठरवा.

तुम्ही कुठे पैसे भरून रांगेतच रात्र काढली आहे का? व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या भागात ऐकवू. तोपर्यंत, काळजी घ्या. भुतांची नाही, खिशाची!