रबरी चाकावर फिरणारी रेकॉर्ड



पाचोरा–जामनेर ही छोटी रेल्वे खानदेशात 'पी.जे.' म्हणूनच ओळखली जाते. तिच्या इंजिनात कितीही जोर असला, तरी डबे हलायचे ते चाक आणि रूळ यांच्यातल्या घर्षणामुळेच. रूळ तेलानं माखला असता, तर चाक जागच्या जागी गरगरलं असतं आणि गाडीनं फलाट सोडला नसता. रेकॉर्ड वाजवण्यासाठी विसाव्या शतकात जी सर्वांत दणकट यंत्रं तयार झाली, ती याच घर्षणावर चालत. तिथं पोलादाच्या जागी रबर असे, इतकंच.

या यंत्रांना आयडलर ड्राइव्ह टर्नटेबल म्हणतात. रचना सांगायला अगदी सोपी. एक मोटर, तिच्या दांड्यावर पायऱ्या पाडलेली छोटी पुली, वर रेकॉर्ड ठेवायची जड थाळी आणि या दोघांच्या मध्ये कडेला रबर चढवलेलं एक चाक. हे चाक एका बाजूनं पुलीला टेकतं, दुसऱ्या बाजूनं थाळीच्या आतल्या कडेला. पुली फिरली की चाक फिरतं, चाक फिरलं की थाळी. पुलीच्या तीन पायऱ्या म्हणजे मिनिटाला 33⅓, 45 आणि 78 फेऱ्या अशा तीन गती.

कस लागतो तो पुढं. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची. तिच्यावर चार ध्रुवांची मोटर मिनिटाला साधारण 1500 फेरे घेते, प्रत्यक्षात त्याहून किंचित कमी. एलपीसाठी थाळी 33⅓ फेऱ्यांनी फिरायला हवी, म्हणजे गती 45 पटींनी उतरवायची. थाळीची आतली कड 27 सेंटीमीटर व्यासाची धरली, तर पुली 6 मिलिमीटरची लागेल. मधलं रबरी चाक केवढं आहे, याचा या हिशेबाशी काहीच संबंध नाही. ते लहान असो वा मोठं, थाळीची गती बदलत नाही. पण पुली घडवताना कारागिराच्या हातून मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढी चूक झाली, तर गती दीड टक्क्याहून अधिक चुकते. आपल्या संगीतशास्त्रात प्रमाण श्रुती 81 भागिले 80 या गुणोत्तराची मानतात, म्हणजे सव्वा टक्का. केसाएवढ्या चुकीनं गायकाचा षड्ज एका श्रुतीहून जास्त सरकतो! ही यंत्रं महाग का पडत, याचं उत्तर त्या सहा मिलिमीटरांत आहे.

अशा यंत्रांत सर्वांत गाजलं ते इंग्लंडमधल्या स्विंडन गावी बनलेलं गॅरार्ड 301. गॅरार्ड कंपनी 1915 मध्ये सुरू झाली ती राजघराण्याचे जवाहिरे असलेल्या लंडनच्या गॅरार्ड पेढीची शाखा म्हणून. पहिल्या महायुद्धात तोफखान्यासाठी अंतर मोजण्याची उपकरणं करायची आणि त्यासाठी बारीक कामात मुरलेले हात जवाहिऱ्यांकडं होते. युद्ध संपल्यावर तेच हात ग्रामोफोनच्या चावीच्या मोटरीकडं वळले. 301 बाजारात आलं 1954 च्या सुमाराला. त्यात सुईचा दांडा नव्हता, पेटी नव्हती. फक्त मोटर, चाक आणि थाळी. बाकीचं ज्यानं त्यानं आपल्या पसंतीनं जोडायचं.

त्यातली एक गोष्ट मुद्दाम पाहण्याजोगी आहे. मोटरच्या दांड्यावर अ‍ॅल्युमिनिअमची एक चकती बसवलेली असते आणि तिच्याशेजारी चुंबक. वरचं बटण फिरवलं की चुंबक चकतीजवळ सरकतो, चकतीत विद्युत भोवरे उठतात आणि मोटरला हलकासा लगाम बसतो. कुठंही घासाघीस नाही, झीज नाही. गती अशी दोन-तीन टक्क्यांत वरखाली करता येते. आणखी एक शहाणपण म्हणजे यंत्र बंद केलं की रबरी चाक आपोआप पुलीपासून सुटतं. नाहीतर रात्रभर दाबून राहिलेल्या रबराला खळगा पडतो आणि मग चाकाच्या प्रत्येक फेरीला 'टक' असा ठोका ऐकू येतो.

या गॅरार्डचा महाराष्ट्राशी आज थेट संबंध आहे, हे फार थोड्यांना माहीत असेल. पुण्याचे उद्योजक अजय शिर्के क्रिकेट नियामक मंडळाचे माजी सचिव म्हणून लोकांना ठाऊक आहेत. त्यांच्या केडन्स या समूहानं 2016 मध्ये इंग्लंडची एसएमई ही कंपनी घेतली. सुईचे दांडे बनवण्यात एसएमईचं नाव जगभर आदरानं घेतलं जातं. नंतर 2018 मध्ये गॅरार्ड हे नावही याच समूहाकडं आलं. आता एसएमईच्या स्टेनिंग इथल्या कारखान्यात जुनी 301 यंत्रं पूर्ण उघडून, झिजलेले भाग बदलून, नव्यासारखी करून विकली जातात. स्विंडनमध्ये जन्मलेलं यंत्र पुण्याच्या मालकीत पुन्हा उभं राहिलं, ही कोणाही मराठी माणसाला समाधान वाटावं अशीच गोष्ट आहे.

गॅरार्ड एकटं नव्हतं. स्वित्झर्लंडच्या थोरेन्सचं टीडी 124 हे यंत्र 1957 मध्ये आलं. त्यात मोटरीचा हादरा आधी एका छोट्या पट्ट्यावर झेलला जाई आणि मग रबरी चाक थाळीला फिरवी. बिडाची थाळी जवळजवळ साडेचार किलोची. मात्र त्या लोखंडाकडं पिकअपमधला, म्हणजे सुई बसवलेल्या भागातला, चुंबक ओढला जातो, म्हणून काही पिकअप तिच्यावर चालत नाहीत.

जर्मनीतल्या ईएमटी कंपनीची यंत्रं तर खास रेडिओ केंद्रांसाठीच होती. निवेदकानं गाण्याचं नाव सांगून संपवलं की पुढच्या क्षणी गाणं सुरू झालं पाहिजे; रेडिओवर 'आपली आवड' ऐकत मोठे झालेल्या श्रोत्यांना ही शिस्त माहीत आहे. जड थाळीला शून्यातून पूर्ण गती घ्यायला वेळ लागतो. ईएमटीनं तोड काढली ती अशी: खालची जड थाळी सतत फिरत ठेवायची, वर एक हलकी चकती ब्रेकनं धरून ठेवायची आणि तिच्यावर रेकॉर्ड. ब्रेक सोडला की डोळ्याचं पातं लवायच्या आत रेकॉर्ड गतीला लागते. असा अचानक पडलेला भार मोटरनं सहज पेलायचा तर तिच्यात आणि थाळीत घट्ट पकड हवी, आणि ती पकड रबरी चाक देतं.

आता आवाजाबद्दल. आयडलरच्या चाहत्यांचं म्हणणं असं, की या यंत्रावर तबल्याची थाप आणि ढोलकीचा ठेका जसा अंगावर येतो तसा दुसऱ्या कशावर येत नाही. यात चमत्कार शोधायचं कारण नाही. रेकॉर्डच्या खाचेत जोरकस आवाज आला की खाच जास्त वळणं घेते आणि सुई थाळीला किंचित मागं ओढते. हा अडथळा सूक्ष्म असतो, पण नेमका थापेच्या क्षणीच येतो. मोटर दुबळी आणि पट्टा लवचीक असेल, तर थाळी तेवढ्यापुरती दबते. दमदार मोटर रबरी चाकानं थाळीला घट्ट धरून असेल, तर ती दबत नाही आणि थापेची सुरुवात बोथट होत नाही. या यंत्रांची खरी बाजू हीच आहे.

पडती बाजूही तितकीच खरी. जी पकड ताकद पोचवते, तीच मोटरीचा हादरा पोचवते. मिनिटाला 1500 फेरे म्हणजे सेकंदाला 25. त्या हादऱ्याची खोल घरघर चाकातून थाळीत, थाळीतून रेकॉर्डमध्ये आणि तिथून सुईत जाते. जुन्या मोनो रेकॉर्डची सुई फक्त डावी-उजवी हालचाल वाचायची, म्हणून घरघर फारशी जाणवत नसे. 1958 मध्ये स्टिरिओ रेकॉर्डी आल्या. स्टिरिओची सुई वर-खाली होणारी हालचालही वाचते, आणि लोकांना अचानक घरघर ऐकू येऊ लागली. यंत्र तेच होतं; त्याचा दोष उघडा पडला होता.

इथून आयडलरचे दिवस फिरले. अमेरिकेत एडगर व्हिल्चर यांनी 1961 मध्ये स्प्रिंगांवर तोललेलं, पट्ट्यावर चालणारं साधं आणि स्वस्त टर्नटेबल आणलं. जपानच्या टेक्निक्सनं 1970 च्या सुमाराला थाळीच थेट मोटरच्या दांड्यावर बसवली; हेच डायरेक्ट ड्राइव्ह. गॅरार्डचं 401 हे मॉडेल 1965 मध्ये आलं आणि सत्तरच्या दशकात थांबलं. युरोपातल्या अनेक घरांतून ही जड यंत्रं अडगळीत गेली. जपानी रसिकांनी मात्र ती शोधून शोधून नेली, दगडाच्या आणि जाड लाकडाच्या बैठकीवर बसवली. बैठक जड आणि बळकट असली की घरघर कितीतरी उतरते, हे लोकांच्या पुन्हा लक्षात आलं. मोजमापांत आजही चांगलं डायरेक्ट ड्राइव्ह यंत्र आयडलरला मागं टाकतं, हे मान्य करायलाच हवं.

मग आपल्याकडं या यंत्राचं महत्त्व कशासाठी? 78 च्या रेकॉर्डींसाठी. भारतात ध्वनिमुद्रण 1902 मध्ये सुरू झालं आणि 78 च्या रेकॉर्डी 1960 च्या दशकातही निघत होत्या. बालगंधर्वांची नाट्यपदं, अब्दुल करीम खाँ यांची गायकी, तमाशाच्या लावण्या, कीर्तनं, पोवाडे असा मोठा ठेवा याच गतीवर आहे. अशा दहा इंची रेकॉर्डच्या बाहेरच्या खाचेत सुईखालून सेकंदाला जवळपास एक मीटर खाच सरकते, एलपीच्या दुपटीच्या आसपास. ओढ मोठी, म्हणून जोरही मोठा लागतो. शिवाय अगदी सुरुवातीच्या रेकॉर्डी नेमक्या 78 वर घेतलेल्या नाहीत, काही संथ तर काही जलद आहेत. त्यांना गती बदलता येणारं यंत्र लागतं. आजची बरीच नवी टर्नटेबलं 78 ची गती देतच नाहीत. जुन्या आयडलरवर ती हमखास सापडते.

थोरेन्सवर तर 16⅔ ही चौथी गतीही होती. गोव्याच्या केरी गावच्या सूरश्री केसरबाई केरकर यांची भैरवी 1977 मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर ज्या सोन्याचा मुलामा दिलेल्या तबकडीवर अंतराळात गेली, तीही याच 16⅔ च्या गतीची आहे. नासानं सोबत पिकअप आणि सुई पाठवली, टर्नटेबल नाही.

78 च्या रेकॉर्डशी आपल्या देशाचंही एक नातं आहे, ते सांगायला हवं. 78 ची रेकॉर्ड बनायची ती लाख, दगडाची भुकटी आणि काजळी यांपासून. लाख देणारा किडा पळस, बोर, कुसुम अशा झाडांवर वाढतो आणि त्या काळी जगाला लाख पुरवणारा मुख्य देश भारतच होता. सुतार फ्रेंच पॉलिश करतात ते चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवूनच. म्हणून काळी, जड, पडली की फुटणारी रेकॉर्ड स्पिरिटनं कधीही पुसू नये, खाचाच विरघळतील. लेबल न भिजवता साध्या पाण्यानं हलक्या हातानं धुवावी आणि सावलीत वाळवावी.

खानदेशातल्या जुन्या घरांच्या माळ्यावर अजून रेडिओग्रॅम आणि रेकॉर्ड चेंजर पडलेले असतील. गॅरार्ड, कोलारो, बीएसआर अशी नावं त्यांवर दिसली, तर आत बहुधा रबरी चाकच आहे. ती 301 च्या तोडीची यंत्रं नव्हेत, पण तत्त्व तेच आणि दुरुस्तीही तीच. चाक कडक झालं असेल, तर नवं रबर चढवून लेथवर गोल घासून घेता येतं. चाकाची कड आणि पुली स्पिरिटनं पुसावी, तिथं तेलाचा थेंबही लागू देऊ नये. तेल फक्त बेअरिंगला. अमेरिकेहून आलेलं यंत्र असेल, तर त्याची पुली 60 हर्ट्झसाठी कापलेली असते. 50 हर्ट्झवर ते सुमारे 17 टक्के हळू फिरेल आणि गाणं सुमारे तीन अर्धस्वर खाली, जड आवाजात ऐकू येईल. पुली बदलणं हा त्यावरचा साधा उपाय.

गती तपासायला कागदाची पट्टेदार चकती पुरते. 50 हर्ट्झच्या दिव्याखाली 180 पट्टे असलेलं वर्तुळ स्थिर दिसलं, की 33⅓ बरोबर. 77 पट्ट्यांचं स्थिर दिसलं, की 78 बरोबर. दिवा मात्र जुना काचेचा बल्ब किंवा निऑन असावा. बरेच एलईडी लुकलुकत नाहीत आणि पट्टे दिसतच नाहीत.

सुईची चूक सर्वांत महाग पडते. 78 च्या रुंद खाचेला एलपीच्या सुईच्या सुमारे तिप्पट जाड टोकाची सुई लागते. बारीक सुई खाचेच्या तळाशी घसटत जाते, खरखर वाढवते, आणि जाड सुई एलपीवर ठेवली तर एलपी कायमची बिघडते.

मुंबईत 1990 पासून सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही संग्राहकांची संस्था या ठेव्यासाठी काम करते आहे. ज्यांच्या घरी जुन्या रेकॉर्डी आहेत, त्यांनी त्या भंगारात घालण्याआधी एवढं जरूर करावं: लेबलवरचं गायकाचं नाव, गाण्याचे शब्द, कंपनी आणि रेकॉर्डचा क्रमांक वहीत उतरवून ठेवावा, रेकॉर्डी एकावर एक न रचता उभ्या ठेवाव्यात, आणि योग्य सुई मिळेपर्यंत त्या वाजवू नयेत.