रक्तस्रावानंतरचा निर्णय



रोहिण्यांतले रक्त एरवी केशवाहिन्यांच्या बारीक जाळ्यातून संथ होत नीलांमध्ये उतरते. मेंदूतील एका विकृतीत हे मधले जाळेच नसते. रोहिण्या व नीला यांचा थेट गुंता झालेला असतो, आणि जो दाब सोसण्यासाठी नीला घडलेल्याच नाहीत तो त्यांच्यावर येतो. (धमनी आणि शिरा हे हिंदी शब्द इथल्या मराठी घरांत अधिक रुळले आहेत, हे मी जाणतो, पण अनुवादकाला आपली रोहिणी सोडवत नाही.) असा गुंता एकदा फुटला, रोगी वाचला, की घरच्यांपुढे प्रश्न उभा राहतो : आता पुढे काय करावयाचे?

रक्ताची गाठ जिवावर उठली असेल तर ती तत्काळ काढावी लागते. एरवी सूज ओसरेपर्यंत बहुधा काही आठवडे थांबतात. विचाराला मिळतो तो हाच अवधी.

अशा गुंत्यातून रक्तस्राव होण्याचा धोका वर्षाला साधारण २ ते ४ टक्के धरतात. एकदा स्राव झाल्यावर पहिल्या वर्षी तो याहून अधिक असतो. ३ टक्के हा आकडा ऐकावयास किरकोळ वाटतो. पण तो दरवर्षी नव्याने लागू होतो. दहा वर्षांत त्याचे सुमारे २६ टक्के होतात, तीस वर्षांत सुमारे ६०. म्हणून पंचविशीतल्या तरुणीला जो सल्ला योग्य, तोच पंचाहत्तरीच्या गृहस्थांना योग्य असेलच असे नाही. शस्त्रक्रियेचा धोका मात्र एकदाच, आणि आजच पत्करावयाचा असतो.

तो किती, हे अजमावण्यासाठी स्पेट्झलर आणि मार्टिन यांनी १९८६ साली एक श्रेणी सुचविली. गुंता ३ सेंटिमीटरांहून लहान असल्यास एक गुण, ६ पर्यंत दोन, त्यापुढे तीन. वाचा, दृष्टी, हालचाल यांच्या केंद्रालगत असल्यास एक. रक्त खोल नीलांत उतरत असल्यास आणखी एक. बेरीज एक-दोन असली तर शस्त्रक्रियेकडे कल असतो. चार-पाच असली तर पुष्कळदा हात न लावणेच बरे ठरते.

आता अशी कल्पना करा की एका तरुण शिक्षिकेच्या मेंदूत २ सेंटिमीटरांचा गुंता वाचाकेंद्रालगत आहे. बेरीज दोनच. शस्त्रक्रियेने धोका तत्काळ संपेल, पण जिच्यावर तिचे पोट आहे ती वाणीच कदाचित अडखळेल. किरणोपचारात कवटी उघडावी लागत नाही; परंतु गुंता बुजण्यास दोन-तीन वर्षे लागतात, आणि तोवर रक्तस्रावाचे भय कायम राहते. तीन वर्षांचे मिळून ते दहा टक्क्यांच्या आसपास जाते. रोहिणीतून नळी घालून गुंत्यात चिकट द्रव्य भरणे हा तिसरा मार्ग. पण तो बहुधा इतर दोहोंचा सहायक असतो. इथे गणित संपते, आणि त्या शिक्षिकेलाच विचारावे लागते, असे माझे मत आहे. पुष्कळ घरांत तिला सोडून इतर सर्वांना विचारले जाते!

२०१४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘अरूबा’ चाचणीचा दाखला कोणी देईल : उपचारांपेक्षा नुसती देखरेख बरी ठरली. ती चाचणी ज्यांचा गुंता कधी फुटलाच नव्हता त्यांच्यावर झाली होती. फुटलेल्यांना तो निष्कर्ष लावता येत नाही.

रायपूरला २०१२ पासून एम्स आहे. गामा किरणांचे यंत्र मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयात आणि दिल्लीच्या एम्समध्ये १९९७ साली आले. मुंबई इथून रेल्वेने अकराशे किलोमीटरांवर. आणि एका फेरीने भागत नाही. गुंता नाहीसा झाल्याचे अँजिओग्राफीत दिसल्याखेरीज हा उपचार पुरा झाला असे डॉक्टर मानीत नाहीत.